साठच्या जागी शेळी

जळगाव,
ता. ६ सप्टेंबर २०२५

चि. मेघीला आबाचे अ. उ. आ.

मी बरा शे. सोबत गाडीचे तिन्ही मीटर पाठवतोय. मोठा स्पीडचा, छोटे दोन पेट्रोलचा आणि टेम्परेचरचा. पार्सलवर काच लिहिलंय, तरी एसटीवाले आपटणारच, म्हणून माझ्या बंडीत गुंडाळले. बंडी परत पाठव.

तुझा लोटन मामा लोकांच्या बुलेटला रंगीत मीटर करून देतो आणि त्यातले आकडे तू रंगवतेस, असं तुझी आई सांगत होती. मग म्हटलं आपल्या ॲम्बेसेडरनं काय पाप केलं. सारिकाचं लग्न ३० नोव्हेंबरला पक्कं झालं. चाळीसगावचे लोक आहेत, पोरगा हितेंद्र, त्यांचं खताचं दुकान आहे. तुझी मोठी बहीण सासरी जाणार म्हणजे माझ्या गाडीत बसून जाणार आणि गाडी मी चालवणार. तुझ्या दोन्ही आत्या तशाच गेल्या. तुझी आई याच गाडीतून या घरात आली. त्या दिवशी गाडी नवरीपेक्षा नटलेली पाहिजे.

डायल काळे झालेत, आकडे उडालेत. नवे काढ. मोठे काढ, ठळक. आणि मराठीत काढ, इंग्रजी आकडे जन्मभर पाहिले. साठच्या आकड्याला चांगला रंग दे. साठच्या पुढं गेली की आपली गाडी शेळीसारखी ओरडते, ते तुला माहीत आहे.

तुझ्या बापाला यातलं काही सांगू नकोस. ज्ञानेश्वरला गाडी विकून तिथं स्कूटी लावायची आहे. फोनवर बोललो तर बठ्ठं घर ऐकतं, आणि तू फोनवर हं च्या पुढं जात नाहीस. म्हणून हे पत्र. तूही पार्सलातच लिही.

माया असू दे, आणि बंडी विसरू नकोस.

तुझा
आबा


धुळे,
१५ सप्टेंबर

ती. आबांना,
मेघाचा वाकून नमस्कार, वि. वि.

मीटर पोचले. काच फुटली नाही. मामांनी बंडी उलगडली आणि म्हणाले, तुझ्या आबांनी गाडीचं काळीज काढून पाठवलंय, नीट बघ. मग त्यांनी मला एकटीलाच बसवलं. आधी मी फक्त आकडे भरायचे, या वेळी मीटरही मीच खोलला.

रिंग काढायला वेळ लागला, गंजली होती. काटा उपसायच्या आधी तो कुठं टेकतो तिथं पेन्सिलनं खूण करायची असते, नाहीतर परत बसवताना चुकतो आणि मग गाडी उभी असली तरी दहानं पळतेय असं दाखवतो. ती खूण केली. पत्रा घासला, काळा मारला, वर पांढरे आकडे काढले. मराठीत. आठ नीट येईना, तीनदा पुसला. एका बुलेटवाल्यानं काल डायलवर कवटी काढून मागितली. मामा त्याला म्हणाले की आमची पोरगी कवटी काढते पण ती हसणारी येते, चालेल का. तो चालेल म्हणाला.

तयार झालेला मीटर मामा ड्रिल मशीनला लावून फिरवतात आणि शेजारी दुसरा बरोबर असलेला ठेवतात. दोघांचे काटे सोबत चढले तर पास. तुमचा पास झाला.

एक विचारू का. तुमच्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. दोन ठिकाणी मला वाचताच आलं नाही. गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं होतं का?

पप्पांना सांगितलं नाही. आईलाही नाही. बंडी धुऊन ठेवली आहे सोबत.

आठवण ठेवा.

तुमची
मेघा


जळगाव,
ता. २२ सप्टेंबर

चि. मेघीला आशीर्वाद, वि. वि.

डायल बसवले. काम चांगलं आहे. पण आत बल्ब एवढासा, त्याच्यात पांढरं काही उठत नाही. पिवळा वापर, झेंडूसारखा. आकडे अजून मोठे पाहिजेत. मधल्या बारीक रेघा काढून टाक, त्यांची गर्दी होते. आणि काटा जाड कर. लाल. आताचा काटा म्हणजे मूग गिळून बसलेला.

मोठा मीटर परत पाठवतोय. दसऱ्याला गाडीची पूजा आहे, त्याच्या आत आला पाहिजे. मीटर नसला की गाडी कवळी काढल्यासारखी दिसते.

हो, बॉनेटवरच लिहिलं होतं. तू शाळा सोडली पण मास्तरीण झालीस.

हाशम इथं बसलाय, तुला सलाम सांगतो. तुला आठवत असेल, सीटकव्हरवाला. गाडीच्या सीटांची कव्हरं त्याच्याकडं शिवायला दिलीत, लाल रेक्झिनची. तो म्हणतो आबा, तुम्ही सारिकाला पोचवताय की स्वतःचं लग्न करताय.

माया आहे तशी राहू दे.

आबा


धुळे,
२९ सप्टेंबर

ती. आबांना,
मेघाचा नमस्कार.

पिवळे आकडे काढले. मधल्या रेघा काढल्या. लोक उलट सांगतात, अजून रेघा टाक, अजून बारीक कर, रेसच्या गाडीसारखं दिसू दे. तुमचं उलटं आहे. मामा म्हणाले की आबांना मीटर पाहिजे का भिंतीवरचं घड्याळ.

काटा मी पातळ पत्र्याचा नवीन कापला, लाल. तुम्ही सांगितला तेवढा जाड केला नाही, त्याच्या निम्मा केला. मामा म्हणतात जाड काटा जड होतो, आणि जड काटा खोटं बोलायला लागतो. वरच्या बाजूला गेला की स्वतःच्या वजनानं पुढं झुकतो. म्हणून निम्मा.

दिवाळीला मी यायचं नाही ठरवलंय. रागवू नका. घरात लग्नाची माणसं असणार, आणि प्रत्येक जण विचारणार की नववीनंतर काय केलं. आई माझ्या वतीनं बोलायला लागते, मग मला अजूनच कसंतरी होतं. लग्नाला येणारच आहे. इथं मला कुणी काही विचारत नाही. गिऱ्हाईक मामांशी बोलतं, मी पडद्यामागं रंगवते.

मला तुमच्याशी बोलायला कधी भीती वाटत नाही. आखाजीच्या सणाला आले होते तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडं बघत होता. लोक डोळ्यात बघतात मग माझा घसा बसतो. तुम्ही कानाकडं बघत होता म्हणून मी एवढं बोलले.

गाडीच्या पूजेचा नारळ माझ्या नावानं फोडा.

मेघा


जळगाव,
ता. ११ ऑक्टोबर

चि. मेघीला आशीर्वाद.

दसरा झाला. गाडीला हार घातला, सोनं वाटलं. तुझा बाप पूजेला उभा होता पण हात जोडून मनात गिऱ्हाईकच शोधत होता. त्यानं एकाला आणलंही होतं गाडी बघायला. मी चावी खिशात घालून हाशमकडं जाऊन बसलो.

मेघे, हे एवढं शेवटचं कर. मीटर परत पाठवतोय. फक्त चार आकडे ठेव. वीस, चाळीस, साठ, ऐंशी. बाकी सगळं पूस. जेवढे मोठे काढता येतील तेवढे काढ. आणि काटा मी सांगितला तेवढाच जाड कर, मामाचं ऐकू नकोस. रात्रीचं जायचं आहे, पाचोऱ्याच्या पुढं रस्त्यावर दिवे नाहीत, समोरून केळीचे ट्रक येतात. माझी नजर रस्त्यावर पाहिजे, मीटरमध्ये शोधत बसायला वेळ नसतो.

चावी माझ्याकडं आहे तोवर सारिका माझ्या गाडीत जाईल. हे तुझ्या-माझ्यात.

आबा


धुळे,
१८ ऑक्टोबर

ती. आबांना नमस्कार.

सांगितलं तसं केलं. चार आकडे. काटाही तेवढा जाड. छोट्या दोन मीटरचे डायल पण नव्या पिवळ्या रंगात करून ठेवलेत, जुने काढून हे बसवा.

तुमचं मागचं पत्र ज्या कागदावर आलं ती सारिकाच्या लग्नपत्रिकेची कच्ची छापील प्रत होती. मागची बाजू कोरी होती. तुम्ही पुढच्या बाजूला, गणपतीच्या चित्रावरून आणि सगळ्यांच्या नावांवरून लिहिलंत. मला ते पत्र खिडकीपाशी धरून वाचावं लागलं.

साठ कसा वाटला ते नक्की कळवा. त्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. बाकीचं नाही लिहिलं तरी चालेल, साठचं लिहा.

दिवाळीच्या फराळातली शंकरपाळी माझ्यासाठी ठेवायला सांगा.

मेघा


जळगाव,
ता. २६ ऑक्टोबर

चि. मेघीला आशीर्वाद.

वा. याला म्हणतात काम. मीटर बसवला आणि आत बसून राहिलो. चारही आकडे कसे उठून दिसतात. आणि साठ तर सगळ्यात भारी. त्या सहाचं शेपूट काय वळवलंस, आमच्या मास्तरांनीही पाटीवर असा सहा काढला नव्हता. शाळेनं तुला घालवलं, नुकसान शाळेचं झालं.

आता मला काळजी नाही. कोणी काही म्हणो, आबा गाडी नेणार.

पत्रिका हाताशी होती तिच्यावर लिहिलं. एवढ्याचं काय घेऊन बसतेस.

शंकरपाळी डब्यात ठेवली आहे. लग्नापर्यंत टिकली तर तुझी.

आबा


धुळे,
३० ऑक्टोबर

ती. आबांना,
मेघाचा नमस्कार.

हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवतं ते मला माहीत नाही. पण कुणीतरी वाचून दाखवतं हे आता कळलंय. जो वाचत असेल त्यानं एकही ओळ गाळू नये.

आबा, त्या डायलवर साठ नाहीये.

साठच्या जागी मी शेळी काढली आहे. पिवळी, तोंड उघडलेली, दोन शिंगं आणि तुमच्यासारखी टोपी. तुम्ही नेहमी म्हणता ना, साठला शेळी ओरडते. मला वाटलं तुम्ही बघाल आणि हसाल, आणि मला शिव्या घालणारं पत्र लिहाल. मी त्या पत्राची वाट बघत होते. तसं पत्र आलं असतं तर मी मामांना पेढा दिला असता. तुम्ही सहाच्या शेपटाबद्दल लिहिलंत. तिथं सहा नाही. शेपूट आहे, पण ते शेळीचं.

मी ते पत्र वाचलं आणि माझा ब्रश डब्यातच राहिला, वाळून गेला.  

मग मला सगळं आठवत गेलं. अजून मोठे काढ. अजून ठळक. रेघा पूस. बल्ब बारीक आहे. तुमच्या ओळी. गणपतीच्या चित्रावरून लिहिणं. आणि माझा कान. तुम्ही माझ्या कानाकडं बघत नव्हता, आबा. कानाकडं बघितलं तरच तुम्हाला मी थोडीफार दिसत असेन.

एवढा मोठा डायल तुम्हाला समोर ठेवून दिसत नाही, मग पाचोऱ्याच्या पुढं अंधारात ट्रक कसा दिसेल? गाडीत सारिका असेल. तुम्ही असाल.

तुम्ही गाडी नाही चालवायची. मी तुम्हाला असं काही सांगेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

मेघा


जळगाव,
ता. ५ नोव्हेंबर

मेघीस,

आपल्या आबाची परीक्षा घेतेस? मी तुला काम दिलं होतं, चेष्टा करायला सांगितली नव्हती. त्या दिवशी उजेड नव्हता आणि मी घाईत होतो. साठ कुठं असतो ते मला बघायची गरज नाही. ही गाडी मी ज्ञानेश्वर रांगत होता तेव्हापासून चालवतोय. तिचा आवाज ऐकून सांगतो किती स्पीड आहे.

तुला एक आठवण करून देतो. नववीत तू सकाळी दप्तर घेऊन निघायचीस आणि शाळेत न जाता शेडमध्ये माझ्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसायचीस, डबा तिथंच खायचीस. मी रोज बघायचो. मी तुझ्या बापाला सांगितलं? तुझ्या आईला सांगितलं? उलट शेडचं दार ओढून घ्यायचो, कुणाला दिसू नये म्हणून. पुढं तुझ्या बापाला शाळेतून कळलं तेव्हाही मी मध्ये पडलो आणि तुला धुळ्याला मामाकडं पाठवली.

आता तुझी पाळी आहे. गप्प राहायला तुला कुणी शिकवायला नको.

मीटर मी दुसरीकडून करून घेईन. गाडी मीच नेणार.

आबा


जळगाव,
६ नोव्हेंबर

चि. मेघा बेटीला हाशम चाचाकडून खूप दुवा.

हे पत्र आबांना न सांगता लिहितोय, आणि वेगळं पाठवतोय. तुझी पत्रं मीच वाचून दाखवतो. शेळीचं पत्रही मीच वाचलं. एकही ओळ गाळायची नाही असं तू लिहिलं होतं, नाहीतर खरं सांगतो, मी दोन-तीन गाळल्या असत्या. वाचून झाल्यावर आबा उठले आणि मीटरवरून बोट फिरवत बसले. बोटाला शेळी कुठं लागते. मला विचारलं की खरंच टोपी घातलीय का. मी हो म्हणालो. मग म्हणाले की आता उत्तर मी स्वतः लिहितो, तू बाहेर जा.

बेटी, तुला खरं कळायला पाहिजे. डोळ्याच्या मागचा पडदा खराब झालाय त्यांचा. पावसाळ्यात मीच घेऊन गेलो होतो डॉक्टरकडं. ऑपरेशननं सुधारणारं नाही असं डॉक्टर म्हणाले. कडेचं दिसतं, मधलं जातं. म्हणून चालता येतं, चहाचा कप सापडतो, कुणाला संशय येत नाही. माझ्याकडून त्यांनी शपथ घेतली की घरी सांगायचं नाही.

दसऱ्यानंतर त्यांनी मला गाडीत बसवून फिरवलं, मेहरूणच्या तळ्याकडं. समोर केळीची हातगाडी होती. एक बाई ढकलत होती, सोबत तिची लहान पोरगी. मी ओरडलो तेव्हा त्यांनी स्टेअरिंग ओढलं. हातगाडीचा कोपरा दाराला घासला. केळी रस्त्यावर पडली, पोरीला काही झालं नाही. आबा म्हणाले की मला दिसली होती. दारावरचा ओरखडा मी पॉलिश लावून झाकला. तेव्हापासून मला नीट झोप नाही. माझी दोस्ती त्यांच्याशी आहे, मला सांगता येत नाही. तू त्यांच्या रक्ताची आहेस. तुझं ऐकतील की नाही ते अल्ला जाणे, पण त्यांना राग येतो तो फक्त तुझाच.

सीटकव्हरं तयार आहेत. लाल.

तुझा
हाशम चाचा


धुळे,
११ नोव्हेंबर

ती. आबांना,
मेघाचा नमस्कार. वाचणाऱ्यानं हेही पूर्ण वाचावं.

तुम्ही शेडचं दार ओढून घ्यायचा ते मला माहीत होतं. कडी वाजायची. मी ते विसरले नाही आणि विसरणार नाही. तुम्ही तसं केलं नसतं तर माझं काय झालं असतं मला माहीत नाही.

पण तेव्हा माझ्यामुळं कुणी मेलं नसतं, आबा. गाडी उभी होती.

तुमचं पत्र आल्यापासून मी विचार केला. मी गप्प राहिले तर तुम्ही माझ्यावर खूश राहाल. मग ३० तारखेला तुम्ही हार घालून गाडी काढाल आणि मी वऱ्हाडाच्या बसमध्ये मागं बसून तुमच्या लाल दिव्याकडं बघत बसेन. मला ते जमणार नाही. मी आत्ताच बघते रोज, डोळे मिटले की.

म्हणून सांगून ठेवते. या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत तुम्ही पप्पांना तुमच्या तोंडानं सांगा. नाही सांगितलं तर मी फोन करणार. मामांच्या फोनवरून, मी स्वतः. मामांना बोलायला लावणार नाही. हं च्या पुढं जाणार. कालपासून दुकान बंद झाल्यावर मी ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघते. पहिले दोन शब्द येतात, मग अडकतं. पण वीस तारखेपर्यंत येईल.

गाडी विकू नका असंही मी पप्पांना सांगेन. तेही वाक्य पाठ करतेय.

तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलं तरी माझा तुमच्यावरचा जीव आहे तेवढाच राहील.

मेघा


जळगाव,
१८ नोव्हेंबर

चि. मेघीला आबाचे आशीर्वाद. हे अक्षर हाशमचं आहे, तोंड माझं.

सांगितलं. काल जेवताना. तुझा बाप ओरडेल म्हणून मी तयारीत बसलो होतो. तो ओरडला नाही. ताट तसंच ठेवून उठला आणि बाहेर जाऊन गाडीच्या दारावर हात फिरवत उभा राहिला. त्याला तो ओरखडा सापडला होता. दसऱ्यानंतरच सापडला होता म्हणे. तोही गप्प होता. या घरात बोलणारं कुणीच नाही, एक तुझी आई सोडली तर, आणि तिला काही माहीत नव्हतं. सारिका रडली. तिला वाटलं लग्नात आबा येणार नाहीत.

चावी मी ज्ञानेश्वरला दिली. हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. त्यानं उचलली. हाशम म्हणतो एवढं सगळं लिहू नका, पण मी म्हणतो लिही.

आता माझी अट ऐक. सारिका आपल्याच गाडीत जाणार. चालवणार तुझा बाप. त्याला स्टेअरिंगजवळच्या हँडगिअरची सवय नाही, तो गाडी रडवणार, पण असू दे. ॲम्बेसेडरच्या पुढच्या सीटवर तिघं बसतात. एका कडेला तो, दुसऱ्या कडेला मी, मध्ये तू. मीटर तोच ठेवलाय, शेळीचा. दुसरीकडं दिला नाही. मी गाडी ऐकणार आणि तू काटा वाचणार. मोठ्यानं. मनात नाही, हं नाही. मी विचारलं की सांगायचं, मागं पाहुणे असले तरी.

तू गप्प बसलीस तर मी तुझ्या बापाला गाडी थांबवायला लावीन आणि स्वतः चालवायला बसेन. हाशम हे लिहायला तयार नव्हता. लिही म्हटलं.

लवकर ये. शंकरपाळी संपली, तुझा बाप खातो.

आबा


धुळे,
५ डिसेंबर

आदरणीय हाशम चाचांना,
मेघाचा सलाम आणि नमस्कार.

तुम्ही मांडवातून लवकर गेलात आणि निघताना म्हणालात की गाडीत काय झालं ते कळव. कळवते. आबांनाही वाचून दाखवा, शेवटचं त्यांच्यासाठी आहे.

निघायला अंधार पडला. मागं सारिका, हितेंद्र जिजाजी आणि त्यांची मावशी. तुमच्या लाल सीटवर मावशींची साडी चिकटत होती, त्या सारख्या सरकत होत्या. पप्पांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी दोनदा उडाली. आबांनी काठी दोन्ही हातांनी धरली.

गावाबाहेर आलो तेव्हा आबांनी विचारलं, मेघी, काटा. माझ्या तोंडातून काही निघेना. मागून मावशी म्हणाल्या की ही बोलत नाही का. आबांनी पुन्हा विचारलं नाही. ते पप्पांना म्हणाले की ज्ञानेश्वर, गाडी बाजूला घे. पप्पांनी खरंच इंडिकेटर दिला.

मग मी वीस म्हणाले. मला वाटलं मी ओरडले, पण पप्पा म्हणतात फक्त त्यांनाच ऐकू आलं. पुन्हा म्हणाले. चाळीस म्हणाले तेव्हा मागंपर्यंत गेलं. त्यानंतर आबा विचारत होते आणि मी सांगत होते.

पाचोऱ्याच्या अलीकडं कापसाची ट्रॉली उभी होती, रस्त्यात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. पप्पांना ती अगदी जवळ आल्यावर दिसली. ब्रेक असे लागले की सारिकाच्या हातातला नारळ पुढं येऊन माझ्या पायाशी पडला. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली.  आबांनी विचारलं काय होतं. पप्पा सांगेनात. मी सांगितलं, कापसाची ट्रॉली होती, दिवा नव्हता.

 पाचोरा येईपर्यंत आबांनी खिडकीकडं तोंड केलं होतं. मी त्यांचा हात धरला नाही, मला वाटलं त्यांना आवडणार नाही. गावातले दिवे लागले तेव्हा ते घसा साफ करून म्हणाले, मेघी, काटा.

भडगावच्या पुढं रस्ता मोकळा होता. पप्पांचा हात बसला होता. आबांनी विचारलं आणि मी म्हणाले, शेळी. सारिका निघाल्यापासून रडतच होती, ती एकदम हसायला लागली. मावशींना काही समजेना, त्या विचारत होत्या कसली शेळी, कुठंय शेळी. मग मी त्यांना सांगितलं. सगळं, पहिल्यापासून नाही, पण साठ आणि शेळी एवढं. अनोळखी बाईला मी एवढं कधी सांगितलं नव्हतं.

पण आबा म्हणाले की तू खोटं बोलतेस. मी म्हणाले काटा शेळीवर आहे. ते म्हणाले असेल, पण शेळी ओरडली नाही, गाडी पन्नासच्या थोडीशीच पुढं आहे. पप्पांनी हळूहळू स्पीड वाढवला. काटा शेळीच्या पुढं बराच गेला तेव्हा कुठं गाडी ओरडायला लागली.

इथून पुढचं आबांसाठी.

आबा, मीटर खोटं बोलत होता. मामांनी सांगितलं होतं तेच झालं. काटा जाड आहे, वर गेला की वजनानं पुढं पडतो. त्या वेळी मी मामांचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं. ड्रिलला लावून बघितला असता तर तेव्हाच कळलं असतं. मी लावला नव्हता, शेळीच्याच विचारात होते.

पप्पांच्या हाती मीटर परत पाठवा, ते सोमवारी धुळ्याला येणार आहेत. बंडीत गुंडाळा. शेळी राहू देते, टोपी पण. फक्त काटा काढून पहिल्यासारखा बारीक बसवते. जाड काटा तुम्हाला दिसावा म्हणून केला होता. आता तो मला दिसला की झालं, आणि मला बारीक दिसतो.

आखाजीला येईन. पप्पा म्हणालेत की तोवर मी अठराची होते, शिकायचं लायसन काढू. शेडपासून तळ्यापर्यंत मी चालवीन आणि काटा पण मीच सांगेन. तुम्ही ऐका.

रागावला असाल तरी लोभ कमी करू नका.

तुमची
मेघा